पाऊण बाटली हवा

डॉक्टरने आईचं बोट टोचलं, थेंब पाहिला,
म्हणाला, रक्ताची काकवी झालीय.
साठ वर्षं विरळ हवेत काढताना
शरीर लाल पेशींची भरती करत राहिलं,
आता हृदयाला ते ढकलवत नाही.
खाली जा, डोन्या नेमेसिया. हवापालट करा.

तेव्हापासून ती कोरोइकोत,
फेलिपाच्या अंगणात, केळीखाली,
बावीस अंशांतही शाल न सोडता.
म्हणते, इथली हवा अंगावर बसते
ओल्या मेंढीसारखी.
मी हसतो. पण खरंच आहे तिचं.
एल आल्तोत डोक्यावर होती
त्याहून अडीच किलोमीटर हवा इथे जास्त,
तीही तळाची,
वरच्या साऱ्या कणगीचा भार सोसणारी.

पहिल्याच दिवशी तिने घेवडा चुलीवर ठेवला
जुन्या सवयीने, पहाटे चारला.
वर पाणी सत्त्याऐंशीलाच उकळतं,
बुडबुड्यांचा नुसता थाट,
दुपार कलली तरी दाणा बोटाला दाद देत नाही.
इथे पंच्याण्णव. सातला पातेल्यात लगदा.
चुलीशी बसून रडली.
उकळीवरही विश्वास ठेवायचा नाही का आता?

मग मला म्हणाली, सेवेरो,
तुझी मिनीबस रोज खिंडीतून येते.
तिथली हवा आण मला.

ला कुम्ब्रे, चार हजार सहाशे मीटर.
काटा तीनवर.
पुढच्या चाकांवर दारूचे चार थेंब,
पाचामामाला कोकाची पानं,
उरलेली माझ्या गालात.
रस्त्याकडेला कुत्री, रोजची.
पाण्याची बाटली रिकामी केली,
वाऱ्यात हात ताणून धरली
आणि झाकण घट्ट पिळलं.
गाडीतले सगळे खिडकीतून बघत होते.
कोणी म्हणालं, ड्रायव्हरला पातळ हवा लागली.

उतारावर हजार मीटरला सहा अंश,
तिकिटासारखे ठरलेले,
धुकं असलं की थोडी सवलत.
कानांत टिचक्या. मागे एक बाळ रडलं,
आईने पाजायला घेतलं तसं थांबलं.
शेजारच्या सीटवर बाटली.
उंदुआवीला तिने पहिल्यांदा कट् केलं.
चुस्पीपाताला एक कूस आत गेली.
झाकण मी उघडलं नव्हतं,
आतला एक कणही सांडला नव्हता.
आत तेवढीच होती.
बाहेरची वाढत चालली होती.

आईने बाटली दोन्ही हातांत घेतली.
कोणी पिळली रे ही?
कोणी नाही.
पाऊणच उरलीय.
आहे तेवढीच आहे, आई, आखडून बसलीय.
तिने नाकाशी धरली, डोळे मिटले, झाकण फिरवलं.

फुस्स झालं. पण उलटं.
आतलं बाहेर आलं नाही,
अंगणच आत घुसलं
आणि बाटली पोट काढून गोल झाली.
बराच वेळ ती हुंगत राहिली.
डिझेल, म्हणाली. आणि थोडी कुत्री.

मला वाटलं, फेकून देईल.
तिने झाकण लावलं, पदराने पुसलं त्यावरून,
म्हणाली, आता ही वर ने.
काय होतं ते येऊन सांग.

परतीच्या चढाला मुलांची वेफर्सची पाकिटं फुगतात.
काल एक फाटकन फुटलं
आणि सगळे टायर समजून माझ्याकडे वळले.
मी बाटलीवर हात ठेवला.
दगडासारखी टणक.

खिंडीत उतरलो. गारा टोचत होत्या.
झाकण जेमतेम सैल केलं
तर हिसका देऊन सुटलं,
बाटलीच्या गळ्यात क्षणभर धुकं दाटलं, विरलं.
फेलिपाचं अंगण. केळ. करपलेला घेवडा.

कडेच्या पिवळ्या कुत्र्याने मान वर केली,
दोनदा हुंगलं,
आणि खालच्या वळणाकडे बघत बसलं.